बावन्न पायऱ्या

नाझिब्रोला बाईंच्या खिडकीतून
पावाची भट्टी दिसते.
चाळीस पावलांवर. पहाटे तिचा धूर
त्यांच्या पडद्यापर्यंत येतो.
मधे सहापदरी रस्ता.
म्हणून आधी सव्वीस पायऱ्या खाली,
मग विझल्या दिव्यांचा बोळ, मुतारीचा वास,
मोजे आणि लायटर विकणारी सियाला,
मग सव्वीस पायऱ्या वर.
पाव घेतला की तेच, उलटं.
बावन्न दुणे एकशे चार,
हा पाढा गुडघे रोज म्हणतात.

तिबिलिसीत चालणाऱ्यांना असं जमिनीखाली ठेवलंय.
मेल्यावर जायचं तिथे
आम्ही पाव आणायला जातो.

मी रेघा मारणारा. नगरपालिकेचा.
एकोणीस वर्षं रात्री यंत्र ढकलतोय:
तुटक रेघ, अखंड रेघ, बाण.
माणसाच्या मापाची एकही
माझ्या हातून पडली नव्हती.

वळणावरच्या खांबाला एक सायकल बांधलीय,
हँडलपासून चाकापर्यंत पांढरी.
ओतियाची. घरोघर जेवण पोचवायचा.
रंग माझ्याच डब्यातला.
त्याच्या भावाने मागितला,
मी कशाला ते विचारलं नाही.
मला वाटलं, कुंपणाला.

त्या मार्चात एके दिवशी
बाई खाली उतरल्याच नाहीत.
काठी आडवी धरली आणि निघाल्या.
ब्रेक किंचाळले. कुणी त्यांच्या वयाचा उद्धार केला,
कुणी आईचा.
हॉर्न वाजवणाऱ्यांत मीही होतो.
त्या माझ्या गाडीसमोर थांबल्या. वाकून बघितलं.
"गिवी? सहावी ब?"
मी काच खाली केली.
"समोच्चता रेषा म्हणजे काय?"
चव्वेचाळीस वर्षांचा मी, स्टिअरिंग धरून,
भर रस्त्यात उत्तर दिलं:
"समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा, बाई."
"मग काढ की. इथून त्या भट्टीपर्यंत.
जी उतरत नाही, चढत नाही."
आणि गेल्या.

हुकूम यायला तीन वर्षं लागली.
अर्ज, सह्या, एका इंजिनिअरचं भाषण
की वाहतूक तुंबेल, शहर थांबेल.
एका बाळंतिणीने बाबागाडी
त्याच्या टेबलावरच ठेवली म्हणे: उचला,
सव्वीस पायऱ्या.
मी तिथे नव्हतो. मी ऐकलेलं सांगतोय.

ऑक्टोबरातल्या रात्री पट्टे ओढले.
सायकलींसाठी कडेला हिरवी पट्टी,
दोन हात रुंद, तीही भांडून मिळालेली.
रंग वाळायच्या आत
कानात पिवळा बिल्ला असलेला वस्तीतला कुत्रा
पलीकडे गेला. त्याची पावलं अजून आहेत.
मी पुसली नाहीत.

सकाळी बाई आल्या. पहिली गाडी थांबली नाही.
दुसरीही नाही.
तिसरी थांबली. आतला पोरगा मोबाइलवर बोलत होता,
बहुतेक चुकून थांबला.
बाई घाई न करता गेल्या,
मधोमध उभं राहून दम खाल्ला,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सियाला मात्र माझ्यावर तडकली.
"सगळे वरून जायला लागले.
तू माझ्या पोटावर पाय आणलास, गिवी,
तोही शेकडो लोकांचा."
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
डिसेंबरात तिने खोकं वर आणलं, भट्टीच्या भिंतीशी.
म्हणते धंदा बरा आहे, पण वारा फार.
मोजे ती आता स्वतःच दोन दोन घालते.

आणि ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे.
टायर तिला वर्षभरात खाऊन टाकतात.
दर ऑक्टोबरात मला परत यावं लागतं,
कुत्र्याच्या पावलांना वळसा घालून.

सुटीच्या दिवशी मी तिथूनच गाडी काढतो.
कुणीतरी काठावर येतं. पाय पुढे टाकतं,
मागे घेतं. सवय आहे ना.
मी थांबतो. हाताने खूण करतो: या.
मागचा हॉर्न वाजवतो.
मी वाजू देतो.